बाईसाहेबांची देवघेव

आमची आत्या रोज सकाळी साडेसहाला कामावर पोचते आणि आधी कुलपांशी बोलते. आतल्या मंडळींना भेटायला पाच कुलपं ओलांडावी लागतात. प्रत्येक कुलूप मागे लावायचं, ओढून बघायचं, मग वाकून डोळ्यांनी पाहायचं, आणि हे करताना तोंडाने म्हणायचं: लावलं, ओढलं, पाहिलं. बावीस वर्षांत ही सवय इतकी अंगात मुरली की एकदा घरून निघताना तिने राहत्या घराच्या दारालाही तेच म्हटलं. काका आत दाढी करत होते. दुपारी शेजाऱ्यांनी त्यांना सोडवलं. काकांचं म्हणणं असं, की आत कोण आणि बाहेर कोण याची खबर हिला सगळ्या प्राण्यांच्या बाबतीत असते, एक नवरा सोडून.

आत्या प्राणिसंग्रहालयात ओरांगउटान सांभाळते. काका शिंपी आहेत. लग्न ठरताना मुलगी काय करते असं विचारल्यावर आमच्या आजोबांनी 'सरकारी नोकरीत आहे, माणसं सांभाळते' असं सांगितलं होतं. ते फारसं खोटं नव्हतं, हे काकांना पुढे पटलं.

मंडळी तीन. पैलवान हा नर: दोन्ही गालांना दोन ताटल्या चिकटवल्यासारखा चेहरा, अंगात सहा-सात माणसांची ताकद, आणि पाण्याच्या पाइपाला घाबरणारा. धाकटी ही तरुण मादी, सदा वर दोराला लोंबकळत असलेली. आणि बाईसाहेब. बाईसाहेबांचं वय छत्तीस, रंग विटकरी, बसणं पायावर पाय टाकून, आणि बघणं असं की समोरच्याने आपोआप शर्ट नीट करावा. दोन पोरं वाढवून त्या मोकळ्या झालेल्या. मी आत्याला अगं-तुगं करतो. बाईसाहेबांना अहो-जाहो केल्याशिवाय जीभ वळत नाही.

आत्याचा दिवस मोजणीने सुरू होतो. तिघं दिसले की हजेरी. मग जाळीच्या अलीकडून तपासणी: तोंड उघड, दात दाखव, हात दाखव, पोट जाळीला लाव. प्रत्येक कामाला एक द्राक्ष. जाळीच्या पलीकडे कुणी जात नाही. बावीस वर्षांची ओळख असली तरी नाही. तिघांना बाहेरच्या आवारात सोडून आतल्या खोल्या झाडायच्या, धुवायच्या, पेंढा आणि रिकामी पोती टाकायची. अंथरूण ज्याचं त्याने घालायचं. नंतर जेवण, म्हणजे पाला, फळं आणि उकडलेली अंडी. पण ते वाढायचं नाही, लपवायचं. ओंडक्याला पाडलेल्या भोकांत, कापडी पिशव्यांत, पाइपांच्या तुकड्यांत. आयतं दिलं तर दहा मिनिटांत संपतं आणि उरलेला दिवस मंडळी भिंतीतले बोल्ट फिरवण्यात घालवतात. घरीही आत्या कधीकधी काकांचा चष्मा असाच ठेवते, असा काकांना संशय आहे.

आता देवघेवीची गोष्ट. ती आत्यानेच सुरू केली, म्हणून पुढे जे झालं त्याचा दोषही ती स्वतःकडे घेते.

खूप वर्षांपूर्वी बघायला आलेल्या कुणा बाईंचा चष्मा आवारात पडला आणि बाईसाहेबांनी तो उचलला. लोक ओरडले, शिट्ट्या मारल्या. बाईसाहेब चष्मा घेऊन झाडावर. आत्याने सगळ्यांना गप्प केलं, आतल्या खिडकीशी गेली, एका हातात शेंगदाणे दाखवले आणि दुसरा तळवा उघडून पुढे केला. "द्या." बाईसाहेबांनी विचार केला, खाली आल्या, खिडकीच्या फटीतून चष्मा दिला. त्या दिवसापासून आवारात जे पडेल ते खिडकीशी येऊ लागलं. टोपी, खुळखुळा, पाण्याची बाटली. साध्या वस्तूला दोन शेंगदाणे, धारदार वस्तूला अर्धं अंडं. आत्याला वाटायचं आपण फार हुशारी केली.

मग बघायला आलेल्या एकाची छत्री पडली. बाईसाहेबांनी ती अकरा हप्त्यांत दिली. आधी मूठ, मग एकेक काडी, शेवटी कापड, तेही दोन तुकड्यांत. आत्याने प्रत्येक तुकड्याला शेंगदाणे मोजले, कारण काडी आत राहिली तर कुणाच्या पोटात जायची. त्या दिवशी बाईसाहेबांना कळलं की अख्खी वस्तू विकणं हा मूर्खपणा आहे.

गेल्या वर्षी धाकटीला पिल्लू झालं. पहिलंच. तिने त्याला उचललं, वास घेतला, दोन तास छातीशी धरलं आणि मग पोत्यावर ठेवून दोराला लोंबकळायला निघून गेली. पुन्हा जवळ घेईना. संग्रहालयाच्या डॉक्टरांनी वाट पाहिली, आत्याने वाट पाहिली. संध्याकाळी पिल्लू बाहेर काढावं लागलं. मूठभर जीव, आणि डोक्यावरचे केस असे उभे की कुणीतरी घाबरवून ठेवलंय. त्याचं नाव शेंड्या पडलं.

ओरांगउटानाचं पोर पहिले काही महिने आईला सोडतच नाही. केस धरून चिकटून असतं. त्यामुळे शेंड्याला कुणीतरी अंगावर वागवायला हवं होतं आणि त्या कुणाला तरी केस हवे होते. काकांनी जुन्या लोकरी घोंगडीचं एक जाकीट शिवलं, त्याला विटकरी लोकरीच्या झिरमिळ्या लावल्या. ते घालून आत्या दिवसभर काम करायची, छातीला शेंड्या. पाळीतल्या दुसऱ्या दोघी संध्याकाळनंतर तेच जाकीट घालायच्या. जाकीट धुवायला कधी मिळायचं ते विचारू नये. काकांनी एकदाच नाक मुरडलं. आत्या म्हणाली, अहो, तुमच्या शिलाईची पहिल्यांदाच कुणी इतकी घट्ट गळाभेट घेतली आहे. काका चार दिवस खुशीत होते.

पण माणसाच्या अंगावर वाढलेलं पोर माणसाळतं, आणि मोठं झाल्यावर ना इकडचं ना तिकडचं राहतं. मोठ्या साहेबांनी, म्हणजे संग्रहालयाच्या प्रमुखांनी, सरळ सांगितलं: शेंड्या पाच महिन्यांचा होईपर्यंत इथे त्याला कुणी आई म्हणून स्वीकारलं तर ठीक, नाहीतर त्याला लांबच्या एका संगोपन केंद्रात पाठवू. तिथे त्याच्यासारखी पाच-सहा पोरकी पोरं माणसांच्या हाताखाली वाढत होती. साहेब वाईट बोलले नव्हते. आत्याला ते रात्रभर टोचलं तरीही.

आई म्हणून एकच नाव होतं. पण बाईसाहेबांना दूध नव्हतं. म्हणजे पोर त्यांनी सांभाळायचं, आणि दिवसातून सात वेळा त्याला जाळीशी आणून धरायचं. बाटली आत्या पाजणार. हे आधी शिकवायला हवं. त्यासाठी काकांनी एक बाहुलं शिवलं: पोत्याचं अंग, लोकरीचे केस, डोळ्यांना दोन बटणं. आत्याने जाळीवर दोन बोटं टकटक वाजवली की बाहुलं उचलून तोंड जाळीशी धरायचं, इतकंच.

बाहुलं आत दिलं. बाईसाहेबांनी ते उलटसुलट पाहिलं, खिडकीशी आल्या आणि फटीतून बाहेर ढकलून हात पुढे केला. दोन शेंगदाणे.

आत्याने बाहुलं पुन्हा आत दिलं. पुन्हा बाहेर आलं. तिसऱ्या वेळी तिचा हात सवयीने खिशात गेला आणि शेंगदाणे देऊन बसला. झालं. दुसऱ्या दिवशी बाहुलं आलं नाही. बाहुल्याचा डावा हात आला. मग उजवा. मग एक पाय.

डॉक्टर शेजारी उभे होते. तरुण माणूस, कमी बोलणारे. त्यांनी त्या पायाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पोत्याच्या रंगाचा झाला. आत्याच्या मनात जे आलं तेच त्यांच्याही आलं होतं: उद्या बाहुल्याच्या जागी शेंड्या असेल. बावीस वर्षं मीच हिला शिकवलं की हाती आलेली प्रत्येक गोष्ट विकायची असते, असं आत्या त्या संध्याकाळी काकांना म्हणाली, आणि जेवली नाही.

काकांनी दुसरं बाहुलं शिवलं. मग तिसरं, जाड कापडाचं. चौथ्याला दुहेरी शिवण. पाचव्याला त्यांनी ताडपत्रीचा दोरा वापरला आणि छाती पुढे काढून सांगितलं की आता हत्ती आला तरी हे उसवणार नाही. हत्ती आला नाही. बाईसाहेबांनी नखाने शिवणीचं टोक शोधलं, एका दुपारी शांतपणे अख्खी शिवण उसवली, दोरा गुंडाळून आधी दोरा विकायला आणला. काकांनी तो दोरा हातात घेऊन बराच वेळ पाहिला. तीस वर्षांच्या धंद्यात त्यांचं काम कुणी इतकं स्वच्छ उसवलं नव्हतं. सवत बायकोला असते असं ऐकलं होतं, ते म्हणाले, मला मिळाली, आणि तीही माझ्याच धंद्यातली.

तेव्हा आत्याने दुकान बंद केलं. काहीही आलं तरी घ्यायचं नाही, तळवा उघडायचा नाही, शेंगदाणे कामावर न्यायचेच नाहीत. खाऊ फक्त एकाच गोष्टीला: टकटक झाली की बाहुलं जाळीशी. बाईसाहेबांनी पहिले चार दिवस माल आणून खिडकीशी मांडला. काड्या, साली, पोत्याचं सूत. गिऱ्हाईक येईना. मग त्या आत्याकडे पाठ करून बसल्या. आठवडाभर त्यांनी तोंड दाखवलं नाही, तपासणीला दातसुद्धा दाखवले नाहीत. आत्या घरी येऊन सांगायची की आज मान थोडी वळली होती. काका म्हणायचे, माझ्याशी भांडलीस तर इतकं लक्ष ठेवत नाहीस. आत्या म्हणायची, तुम्ही आठवडाभर कुठे टिकता.

काका पुन्हा पुन्हा शिवून देत ते पाचवं बाहुलं हळूहळू जाळीशी येऊ लागलं. दहातून पाच वेळा, मग सात. उरलेल्या तीन वेळा मात्र बाहुल्याचा कुठला तरी एकच अवयव यायचा, आणि डॉक्टर वहीत काही न लिहिता वही मिटायचे. शेंड्या पाच महिन्यांचा व्हायला नऊ दिवस उरले. मोठ्या साहेबांनी प्रवासाची पेटी बनवायला सांगितली. सुताराने ती आणून ओसरीवर ठेवली, वर झाकण, झाकणाला वाऱ्यासाठी भोकं. आत्याला रोज त्या पेटीला वळसा घालून जावं लागायचं.

शेवटचा उपाय म्हणून दोघांची जाळीतून भेट घडवायची ठरली. त्या दिवशी काय झालं ते मी तिघांकडून ऐकलं आहे. काका तिथे नव्हतेच, तरी सगळ्यात जास्त तपशील त्यांच्याकडे आहे. डॉक्टरांची हकीकत सर्वांत छोटी आहे. मी दोन्हींच्या मधलं सांगतो.

आत्या केसाळ जाकीट घालून, छातीशी शेंड्याला घेऊन जाळीपासून दोन हातांवर बसली. बाईसाहेब वरच्या फळीवर पाठ करून. शेंड्याला भूक लागली होती आणि बाटली मुद्दाम उशिरा आणली होती. तो रडायला लागला. ओरांगउटानाचं पोर रडतं तेव्हा गंजलेली बिजागरी किंचाळल्यासारखं वाटतं. बाईसाहेब वळल्या. खाली आल्या, जाळीला नाक लावून पाहिलं. शेंड्या रडतच होता. आणि त्या उठून सरळ वर निघून गेल्या, छताजवळच्या खांबामागे.

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. आत्याही उठायला लागली होती.

तेवढ्यात बाईसाहेब परत आल्या. तोंड गच्च भरलेलं. खिडकीच्या फटीशी बसून त्यांनी गालातून एकेक वस्तू काढली आणि बाहेर ढकलली. एक बटण. आणखी एक बटण. पाच बाहुल्यांचे दहा डोळे, जे कुणाला कधी सापडलेच नव्हते. डॉक्टरांच्या पेनाचं टोपण. लहान मुलीची केसांची पिन. एक बोल्ट, जो नेमका कुठला हे शोधायला नंतर दोन दिवस लागले. चहाचा चमचा. आत्याची शिट्टी, चार वर्षांपूर्वी हरवलेली, जिच्यासाठी आत्याने काकांवर आळ घेतला होता. रोज त्या खोल्या झाडून काढणाऱ्या आत्याला आपल्या झाडूचं काय करावं कळेना. बाईसाहेब पुन्हा वर गेल्या आणि दुसरी खेप घेऊन आल्या. मग तिसरी. वस्तू संपल्या तेव्हा पाचव्या बाहुल्याचं उरलेलं धड आणून ढकललं. शेवटी त्या क्षणभर थांबल्या, ओंडक्याशी गेल्या, सकाळपासून राखून ठेवलेलं अर्धं उकडलेलं अंडं उचललं आणि तेही बाहेर ठेवलं.

मग त्यांनी फटीतून हात काढला, तळवा उघडला, आणि शेंड्याकडे पाहत तसाच धरून ठेवला. अगदी आत्या धरते तसा.

 आत्याने शेंड्याला जाकिटाशी नीट धरलं.

"डॉक्टर," ती म्हणाली, "गिऱ्हाईक आलंय."

मोठ्या साहेबांना बोलावलं. त्यांनी तो ढीग पाहिला, अंडं पाहिलं, अजूनही पुढे असलेला हात पाहिला. त्यांनी एकच प्रश्न विचारला: आज विकत घेईल, उद्या विकणार नाही कशावरून? प्रश्न खरा होता.  आत्या म्हणाली, साहेब, हिने आजवर माझ्याकडे पुष्कळ विकलंय, पण जेवण कधी विकलं नव्हतं. साहेब पेटीच्या बाजूने परत गेले आणि जाताना म्हणाले, चार दिवस बघू.

तीन दिवस दोघं जाळीतून भेटत राहिले. चौथ्या दिवशी सकाळी मधली खोली धुतली, ताजा पेंढा टाकला, आणि शेंड्याला पेंढ्यावर ठेवून आत्या बाहेर आली. लावलं, ओढलं, पाहिलं.  मग पलीकडचं सरकतं दार उघडलं. बाईसाहेब आत आल्या. घाई केली नाही. शेंड्याभोवती एक फेरी मारली, त्याच्या डोक्यावरचे उभे केस ओठांनी चापून बसवायचा प्रयत्न केला, ते बसले नाहीत, आणि मग एका हाताने त्याला उचलून पोटाशी लावलं. शेंड्याने दोन्ही मुठींत विटकरी केस धरले. हे खरे होते. काकांच्या जाकिटाची नोकरी त्या क्षणी संपली.

आता दूध. नऊ वाजताची वेळ होती. बाईसाहेब वर फळीवर, शेंड्या पोटाशी. आत्याने दोन बोटांनी टकटक केलं. काही नाही. सव्वानऊ. डॉक्टर घड्याळ बघू लागले, साहेब डॉक्टरांना. साडेनऊला शेंड्या कुरकुरला. आत्याने पुन्हा टकटक केलं, आणि तोंडातल्या तोंडात म्हणाली, या हो बाई, बाहुलं समजा हवं तर. मग तिलाच ते फार भलतं वाटलं आणि तिने जीभ चावली.

बाईसाहेब उतरल्या. जाळीशी बसल्या, शेंड्याला केसांतून सोडवलं, फिरवलं आणि त्याचं तोंड बरोबर जाळीच्या भोकाशी आणलं. अख्खा शेंड्या. दोन हात, दोन पाय, सगळं जागच्या जागी. आत्याने बाटली लावली. तो असा प्यायला की बाटलीत खळखळाट ऐकू येत होता. बाईसाहेब वाकून बाटलीतल्या दुधाची खाली जाणारी रेघ बघत होत्या.

बाटली संपली. आणि इथे आत्याने ती चूक केली. बक्षीस द्यायचं म्हणून डावा हात खिशात गेला, त्या दिवशी शेंगदाणे आणायची परवानगी होती, आणि उजवा हात बावीस वर्षांच्या सवयीने, तिला न विचारता, जाळीच्या फटीशी जाऊन उघडला. तळवा वर. द्या.

 साहेबांनी आत्याकडे असं पाहिलं की तिला ते आठवलं तरी अजून घाम फुटतो. हात झटकन मागे घ्यावा तर बाईसाहेब दचकतील, ठेवावा तर ठेववत नाही. बाईसाहेबांनी तळव्याकडे पाहिलं. शेंगदाण्यांकडे पाहिलं. आत्याच्या तोंडाकडे पाहिलं. मग त्यांनी शेंड्याला पुढच्या बाजूने उचलून पाठीमागच्या बाजूला, आत्याचा हात पोचणार नाही असा सरकवला. मोकळ्या हाताने खालच्या पेंढ्यात चाचपडून एक काडी निवडली, सरळ केली, आणि आत्याच्या तळव्यावर ठेवली.

आत्याने मूठभर शेंगदाणे दिले. एवढा भाव त्या दुकानात त्याआधी कशालाच मिळाला नव्हता. डॉक्टर चष्मा पुसत बाहेर गेले. साहेबांनी सुताराला निरोप पाठवला, की पेटी घेऊन जा, किंवा भोकं बुजवून कोठीत धान्य भरायला वापरा.

घरी काकांचं सहावं बाहुलं कापून तयार होतं. आत्याने दारातच सांगितलं की आता नको. काकांना आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं, कारण सहाव्यासाठी त्यांनी एक अशी शिवण शोधली होती जिचं टोकच सापडत नाही. शिट्टीचा विषय त्यांनी त्याच वेळी काढला आणि चार वर्षांची माफी एकरकमी मागून घेतली.

आता शेंड्या दीड वर्षाचा आहे. दिवसातून सात वेळांवरून तीन वेळा दूध झालं आहे आणि टकटक करायची गरज उरलेली नाही; वेळ झाली की बाईसाहेबच जाळीवर दोन बोटं वाजवतात, आणि आत्याला उशीर झाला तर जोरात वाजवतात. दुकान पुन्हा उघडलं आहे. छताजवळच्या खांबामागे आत्या रोज शिडी लावून बघते. धाकटी कधीकधी वरून लोंबकळत शेंड्याकडे कुतूहलाने बघते आणि बाईसाहेब तिला हळूहळू जवळ येऊ देतात. पुढच्या वेळी तिला जमेल असं डॉक्टर म्हणतात, आणि ते उगाच म्हणणाऱ्यांतले नाहीत.

गेल्या रविवारी काका पहिल्यांदाच तिकीट काढून बघायला गेले. आत्याने त्यांना जाळीच्या बाहेरच्या कठड्यापाशी उभं केलं आणि बाईसाहेबांना सांगितलं, हे आमचे. बाईसाहेब शेंड्याला कडेवर घेऊन जवळ आल्या. काकांचा चेहरा, टोपी, खिसा सगळं त्यांनी नीट पाहिलं. मग त्यांची नजर काकांनी स्वतः शिवलेल्या नव्या शर्टावर आली, गळ्यापासून खाली सावकाश सरकली, आणि शिवणीच्या टोकाशी येऊन थांबली.

काकांनी दोन्ही हात बटणांवर ठेवले.